इंजिनाला अडवायचं कशानं? घरच्या डायनोसाठी ब्रेक निवडताना

गोव्यात वाळपईजवळ माझ्या भाच्याचं छोटं गॅरेज आहे. तिथे गाड्या कमी आणि पंपाची डिझेल इंजिनं जास्त येतात. गेल्या उन्हाळ्यात एका भाटकाराचं, म्हणजे बागायतीच्या मालकाचं, ५ अश्वशक्तीचं, एका सिलिंडरचं इंजिन त्यानं पूर्ण उघडलं आणि नव्या रिंगा, नवी बेअरिंगं घालून कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, नेऊन बसवून दिलं. आठ दिवसांत भाटकार परत दारात. "इंजिन ओडना!" भाचा म्हणतो, ओढतं. भाटकार म्हणतो, पोफळींच्या वरच्या कुणग्यापर्यंत, वरच्या वाफ्यापर्यंत, पाणीच चढत नाही. दोघांच्या वादात खरं कोण हे ठरवायचं तर आकडा हवा. आकडा हवा तर इंजिन डायनोवर, म्हणजे डायनॅमोमीटरवर, चढवायला हवं.

"मामा, बाईकची जुनी डिस्क पडलीय माझ्याकडे," भाचा म्हणाला. "शाफ्टला बोल्ट करतो, डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर एका दांड्यावर बसवतो, दांड्याच्या टोकाला ताणकाटा, ओढ किलोत दाखवणारा. झाला डायनो!"

मी आयुष्यभर आयटीआयत पोरांना वर्कशॉप शिकवलं. मला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. पण मीही पान्हा उचलला.

त्या शनिवारी काय झालं ते सांगण्याआधी मोजणी कशी होते ते पाहू. इंजिनाची ताकद सरळ मोजता येत नाही. मोजता येतात त्या दोन गोष्टी: शाफ्ट किती जोरानं पिळतो, म्हणजे टॉर्क, आणि मिनिटाला किती फेरे मारतो, म्हणजे आरपीएम. या दोघांच्या गुणाकारातून ताकद निघते. रिकामं फिरणारं इंजिन कितीही घुमलं तरी त्यावरून काही कळत नाही. हमालाच्या डोक्यावर पोतं ठेवल्याशिवाय तो किती उचलेल हे कळत नाही, तसंच. ते पोतं म्हणजे ब्रेक. ब्रेकचं बाहेरचं अंग बेअरिंगवर मोकळं ठेवायचं. शाफ्ट त्याला स्वतःबरोबर फिरवू बघतो, आपण आडवा दांडा लावून त्याला थोपवतो आणि दांड्याच्या टोकाशी किती किलोचा जोर येतो तो वाचतो.

दांड्याच्या लांबीची एक गंमत आहे. शाफ्टच्या मध्यापासून काट्याच्या हुकापर्यंतचं अंतर बरोबर ७१६ मिलिमीटर ठेवलं, की काट्यावरचे किलो गुणिले आरपीएम भागिले १०००, एवढ्यात मेट्रिक अश्वशक्ती हातात येते. कॅल्क्युलेटरची गरज नाही. ५ अश्वशक्तीचं इंजिन १५०० आरपीएमला चालत असेल तर काट्यावर ३.३ किलो दिसायला हवेत. किलोवॅटमध्ये उत्तर हवं असेल तर दांडा ९७४ मिलिमीटरचा घ्या, बाकी हिशेब तोच. फक्त दांडा आडवा हवा आणि काटा त्याला काटकोनात ओढणारा हवा, नाहीतर तिरकस ओढीत काही ग्रॅम हरवतात.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. ब्रेक जितका भारी तितकं माप अचूक, असं त्यांना वाटतं. तसं नाही. ब्रेकचं अंग मोकळं लटकत असेल तर ब्रेकच्या सीलचं घर्षण, शाफ्टवरच्या बेअरिंगचा अडथळा, सगळं त्या दांड्यावरच येतं आणि मोजलं जातं. अचूकता दांड्याची आणि काट्याची. ब्रेकची परीक्षा दोन वेगळ्या प्रश्नांवर होते, आणि आमच्या डिस्कनं दोन्हींत नापास होऊन दाखवलं.

शनिवारी इंजिन चालू केलं, भाच्यानं लिव्हर हळूहळू दाबला. काटा १ किलो, २ किलो, मग एकदम साडेतीनला उडी, आणि इंजिन धाप लागल्यासारखं दोनदा खोकून बंद. पुन्हा चालू केलं. या वेळी त्यानं लिव्हर केसभर सैल ठेवला. काटा अडीच आणि तीनच्या मध्ये नाचत होता. अर्ध्या मिनिटात जळक्या पॅडचा वास सुटला, डिस्कवर निळसर झाक चढली आणि लिव्हर मऊ पडून थेट मुठीला टेकला. ब्रेक ऑइल उकळलं होतं. "मामा, सोड!" म्हणून भाचा ओरडला तेव्हा सोडायला काही उरलंच नव्हतं.

पहिला प्रश्न उष्णतेचा. ब्रेक इंजिनाची ताकद नाहीशी करत नाही, तिची उष्णता करतो, आणि ती जवळपास सगळीच्या सगळी. ५ अश्वशक्ती म्हणजे ३.७ किलोवॅट. न्हाणीघरातला झटपट पाणी तापवणारा गीझर साधारण ३ किलोवॅटचा असतो, त्याहून हे जास्त. आमची डिस्क फार तर किलोभर. लोखंडाचं एक किलो एका अंशानं तापायला सुमारे अर्धा किलोज्यूल पुरतो, म्हणजे ती डिस्क सेकंदाला सात अंशांनी चढत होती. अर्ध्या मिनिटात दोनशेच्या वर. साध्या डॉट ३ ब्रेक ऑइलचा उकळबिंदू कोरडं असताना निदान २०५ अंश असावा लागतो आणि ओल शोषलेलं असलं तर निदान १४० अंश. ते ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. गोव्यात चार महिने पावसात उघडी राहिलेली बाटली कुठल्या गटात मोडते ते सांगायला नको.

मग हीच डिस्क बाईकवर इतकी वर्षं कशी चालली? रस्त्यावर ब्रेक दोनचार सेकंद लागतो आणि मग मैलभर वारा खातो. डायनोवर तसा विसावा नाही. चोर्ला घाट गिअर न पाडता, निव्वळ ब्रेकवर उतरणाऱ्या ट्रकची जी गत होते, तीच इथे होते, आणि हा घाट संपत नाही.

ब्रेक निवडताना म्हणून पहिलं विचारायचं, उष्णता जाते कुठे? काजूच्या हंगामात भाटीवर, म्हणजे काजूची दारू गाळायच्या भट्टीवर, कोणी उभं राहिलं असेल त्याला हे चटकन कळेल. रस उकळायच्या भाणाखाली जेवढा जाळ, तेवढंच पाणी लावणीवर, म्हणजे वाफ गोळा होते त्या मडक्यावर, ओतत राहावं लागतं. लावणी कितीही जाड घेतली तरी पाणी थांबलं की वाफ थंड होत नाही. ब्रेकचंही तेच. जाड लोखंड थोडा वेळ उष्णता साठवतं, पण वाहून न्यायला पाणी, तेल किंवा भरपूर वारा हवा.

दुसरा प्रश्न जास्त नाजूक आहे आणि तो फार थोडे विचारतात: वेग बदलला की ब्रेक काय करतो?

समजा इंजिन आणि ब्रेक १५०० आरपीएमला तोलून उभे आहेत. क्षणभर काहीतरी झालं, एक फवारा जरा कमी पडला, आणि वेग १४०० वर आला. आता ब्रेकनं काय करावं असं आपल्याला वाटतं? थोडं सैल पडावं. धापा टाकणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं आपोआप हलकं व्हावं, म्हणजे तो सावरतो. पाण्याचा ब्रेक नेमकं हेच करतो, कारण त्याचा टॉर्क वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. १५०० वरून १४०० वर आलं की त्याची पकड तेराएक टक्क्यांनी ढिली पडते आणि इंजिन परत वर येतं.

घर्षणाच्या ब्रेकला वेगाचं काही पडलेलं नाही. १५०० असो की १४००, तो तेवढंच धरतो. उलट पॅड आणि डिस्क यांचं घर्षण वेग कमी होताना बरेचदा वाढतं, त्यामुळे पडणाऱ्याला तो आणखी धक्का देतो. इंजिन अडखळलं की संपलं. भाच्याचा हात कितीही हलका असता तरी तो काटा स्थिर राहिला नसता.

इथे एक खुबी आहे. डिझेल इंजिनाला गव्हर्नर असतो. वेग जरा पडला की तो जास्त डिझेल सोडतो. पूर्ण भार येईपर्यंत ही सावरासावर गव्हर्नरच करतो, त्यामुळे कसाही ब्रेक लावला तरी निभावतं. म्हणून आमचा काटा २ किलोपर्यंत शहाण्यासारखा चढला. पण रॅक, म्हणजे डिझेल कमीजास्त करणारी पट्टी, शेवटपर्यंत उघडला गेला की गव्हर्नरच्या हातात काही राहत नाही, आणि आपल्याला मोजायचं असतं नेमकं तिथलं. पेट्रोल इंजिनाला तर हा आधार सहसा नसतोच. थ्रॉटल एका जागी बांधून ठेवला की त्याचा टॉर्क वेगाबरोबर आधी चढतो, मग उतरतो. उतरत्या बाजूला कायम सारखं धरणारा ब्रेकही चालेल. चढत्या बाजूला मात्र स्वतःहून सैल पडणारा ब्रेकच हवा.

डिस्क फेकली आणि मी मूळ पाठावर आलो. १८२१ साली फ्रेंच इंजिनिअर गास्पार द प्रोनी यांनी फिरत्या चाकाला लाकडी चाप आवळून लांब दांड्याच्या टोकाला वजन टांगलं. तिथून ही सगळी वंशावळ सुरू होते. आयटीआयत आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये तिची एक साधी लेक दिसते: दोरीचा ब्रेक.

एक ओतीव लोखंडी ड्रम, त्याच्याभोवती सुताच्या दोराचा एक वेढा. दोराचं एक टोक खाली, त्याला वजनं. दुसरं टोक वर चौकटीत अडकवलेल्या ताणकाट्याला. ड्रम फिरतो तो वजनं उचलण्याच्या दिशेनं. वजनातून काट्याचं माप वजा केलं की जो जोर उरतो, तो इंजिन ओढतंय. हाही घर्षणाचाच ब्रेक आहे, मग डिस्कपेक्षा बरा का? कारण त्याची कमाल मर्यादा वजनानं बांधलेली आहे. दोर एकदम चिकटला तर तो वजन जरा वर उचलतो, काट्याकडचं टोक सैल पडतं, आणि पकड तिथेच थांबते. वजन १४ किलोचं असेल तर इंजिनावर १४ किलोहून जास्त ओढ येऊच शकत नाही. घर्षणाचे लाड दोर स्वतःच पचवतो. पॅडसारखी ती अचानक उडी नाही.

उष्णतेचीही सोय त्याच ड्रममध्ये आहे. रिमच्या आतल्या बाजूला कड काढून पन्हाळ करायची आणि फिरत असताना त्यात पाणी सोडायचं. फिरण्याच्या जोरानं पाणी रिमला चिकटून बसतं, सांडत नाही, तापतं आणि वाफ होऊन निघून जातं. एक लिटर पाणी वाफ होताना भली मोठी उष्णता घेऊन जातं, म्हणून ३.७ किलोवॅटला तासाला पाचसहा लिटर पाणी पुरतं. बादली आणि पेला. बस्स.

चुका करायला इथेही जागा आहे. पहिली, त्रिज्या ड्रमची नव्हे, दोराच्या मध्यापर्यंतची धरायची. आमचा ड्रम ४०० मिलिमीटरचा आणि दोर २० मिलिमीटरचा, म्हणजे त्रिज्या २१० मिलिमीटर. कुणी २०० धरली तर इंजिन उगाच पाच टक्के गरीब दिसेल. दुसरी, वजन टांगायच्या हुकाचं आणि ताटलीचं वजनही मोजायचं. तिसरी, दोर. किनारपट्टीला नायलॉनचा दोर हवा तेवढा मिळतो, रापणकारांकडे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांकडे, वापरून टाकलेला तर फुकट. तो घेऊ नका. तापला की वितळून ड्रमला माखतो. सुताचाच घ्या. आणि वजनांना एक सैल साखळी जमिनीतल्या हुकाला बांधून ठेवा. दोर कधी अडकलाच तर ती वजनं छतापर्यंत जाऊ नयेत.

५ ते ८ अश्वशक्तीच्या, १५०० आरपीएमच्या डिझेलसाठी माझं मत असं की पहिला ब्रेक हाच करावा. तो दिसायला गबाळा आहे, काळं पाणी उडतं, दोराचा वास येतो. पण खर्च लेथवाल्याच्या एका दिवसाचा आणि फसवणूक जवळजवळ नाही.

भाच्याला अर्थात एवढ्यावर समाधान नव्हतं. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, २०१८ साली पुन्हा बंद पडल्या, आणि त्या वर्षांत खनिज वाहणारे अनेक टिपर ट्रक भंगारात गेले. टिपरचा हौदा उचलणारा हायड्रॉलिक गिअर पंप त्याला एका भंगारवाल्याकडे मिळाला. तो म्हणाला, "मामा, याचा ब्रेक होणार नाही का?" होतो, आणि चांगला होतो.

गिअर पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक तेल ढकलतो. त्याच्या वाटेत अडथळा घातला की दाब चढतो, आणि दाबाच्या प्रमाणात टॉर्क लागतो. फेऱ्याला ४० घनसेंटिमीटर तेल ढकलणारा पंप १५०० आरपीएमला मिनिटाला ६० लिटर तेल फिरवेल, आणि ३.७ किलोवॅट शोषायला त्याला सुमारे ३७ बारचा दाब पुरेल. टिपरच्या पंपाला हा खेळ आहे.

पण अडथळा कशाचा, यावर त्याचा स्वभाव ठरतो. रिलीफ व्हॉल्व्ह लावला तर तो दाब एका आकड्यावर धरून ठेवतो. दाब कायम म्हणजे टॉर्क कायम, म्हणजे डिस्कचंच तेलकट भावंड. त्याऐवजी नीडल व्हॉल्व्ह लावून बारीक भोकातून तेल जाऊ दिलं, तर वेग वाढला की प्रवाह वाढतो आणि दाब प्रवाहाच्या वर्गानं चढतो. झाला की नाही पाण्याच्या ब्रेकसारखा समजूतदार? तोच पंप, तेच तेल, फक्त व्हॉल्व्ह वेगळा. रिलीफ व्हॉल्व्हही ठेवायचाच, पण रखवालदार म्हणून, नीडल व्हॉल्व्ह चुकून पूर्ण बंद झाला तर पाइप फुटू नये म्हणून.

उष्णता इथे तेलात जाते. ६० लिटर तेलाची टाकी असेल तर आपल्या इंजिनापाशी तेल मिनिटाला दोनेक अंश चढतं. तिसापासून साठपर्यंत जायला पाव तास. एक चाचणी त्यात आटपते, दिवसभर चालवायचं तर कूलर हवा. तापलं की तेल पातळ होतं आणि काटा हळूहळू सरकतो, म्हणून माप घेताना तेलाचा तापमापकही वाचायचा. आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगतो: दाबाखालच्या पाइपला बारीक भोक पडलं तर ते बोटानं चाचपू नका. तिथून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत जाते, आणि जखम दिसते टाचणीएवढी. लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं.

पंपाचा विषय निघालाच आहे तर कुळागरातला पाण्याचा पंपही ब्रेक म्हणून वापरता येतो. सेंट्रिफ्यूगल पंपाचा टॉर्क वेगाच्या वर्गाप्रमाणे चालतो आणि उष्णता पाण्याबरोबर निघून जाते. फक्त एक उलटं लक्षात ठेवा. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद करत गेलं की भार वाढेल असं वाटतं. या पंपात तो कमी होतो. व्हॉल्व्ह उघडला की जास्त पाणी फेकावं लागतं आणि इंजिनावर जास्त ओझं येतं. माझ्या वर्गात दर वर्षी निम्मी पोरं यावर पैज हरत.

विजेच्या वाटेनं जाणारेही खूप. घरचा जनरेटर इंजिनाला जोडायचा, पाण्याच्या पिंपात हीटरच्या कांड्या सोडायच्या, व्होल्ट गुणिले अँपिअर. साधं वाटतं, पण दोन खाचा आहेत. जनरेटर स्वतः काही ताकद खातो आणि किती खातो ते भारागणिक बदलतं, म्हणून वीज मोजून इंजिन मोजल्यासारखं होत नाही. जनरेटरचं अंगच बेअरिंगवर मोकळं ठेवून दांडा लावला तर ही अडचण मिटते. दुसरी खाच लपलेली. आजच्या बहुतेक जनरेटरांत व्होल्टेज कायम ठेवणारा एव्हीआर असतो. वेग पडला तरी तो व्होल्टेज पडू देत नाही, म्हणजे हीटर तेवढीच वीज खात राहतात. ताकद तेवढीच आणि वेग कमी, म्हणजे टॉर्क वाढला! पडत्या इंजिनाला आणखी ओझं देणारा हा सगळ्यात निर्दय ब्रेक. एव्हीआर काढून फील्डला, म्हणजे आतला चुंबक तयार करणाऱ्या कॉइलला, बाहेरून ठरावीक करंट दिला, तर वेगाबरोबर व्होल्टेज उतरतं, करंट उतरतो, टॉर्क उतरतो, आणि तेच यंत्र माणसात येतं. गाडीचा अल्टरनेटर मात्र विसरा. १२ व्होल्ट, ६० अँपिअर म्हणजे पाऊण किलोवॅटसुद्धा नाही.

एडी करंटचा ब्रेक ऐकायला झकास. फिरत्या धातूच्या तबकडीजवळ चुंबक धरला की धातूच्या आत भोवऱ्यांसारखे प्रवाह उठतात आणि तबकडीला मागे ओढतात. काही बस आणि ट्रकमध्ये घाट उतरायला बसवलेला रिटार्डर याच जातीचा. पॅड नाही, झीज नाही, कॉइलच्या करंटचं बटण फिरवलं की भार बदलला. पण उभ्या शाफ्टला तो काहीच धरत नाही, वेगाबरोबर पकड वाढत जाते आणि एका वेगानंतर पुन्हा उतरायला लागते. त्या शिखराच्या अलीकडे काम केलं तर तो सुरेख वागतो. तापला की पकड घसरते, म्हणून माप चालू असताना करंट हळूहळू वाढवावा लागतो. शिवाय त्याच्या रोटरला थंड व्हायला पंख्यासारखी पाती असतात. ती पाती हवेवर जी ताकद खर्च करतात ती दांड्यावर पूर्ण येत नाही. बसचा रिटार्डर ५ अश्वशक्तीच्या इंजिनाला लावणं म्हणजे म्हशीच्या गळ्यात बांधायचं लोढणं कोंबडीला बांधणं. मोठं इंजिन असेल आणि भंगारात चालू स्थितीतला मिळाला तर जरूर घ्या.

काही जण ब्रेकच नको म्हणतात: जड फ्लायव्हील फिरवायचं आणि ते किती झपाट्यानं वेग घेतं त्यावरून टॉर्क काढायचा. बाईकवाल्यांना ते आवडतं. पण एका वेगाला धरून ठेवून इंजिन ऐकता येत नाही, आणि २५ सेंटिमीटर त्रिज्येची १०० किलोची चकती ३००० आरपीएमला सुटली तर भिंत तिला अडवत नाही. घरगुती लेथकामावर मी तेवढा विश्वास टाकणार नाही.

राहिला खरा पाण्याचा ब्रेक. १८७७ साली विल्यम फ्रूड यांनी तो मांडला, कारण जहाजांची इंजिनं एवढी मोठी झाली होती की कुठलाही लाकडी चाप त्यांच्यापुढे जळून गेला असता. वाट्यांच्या आकाराचे खळगे असलेला रोटर, समोर तसेच खळगे असलेलं घर, मध्ये पाणी. रोटर पाणी फेकतो, घर ते अडवतं आणि परत पाठवतं, त्या घुसळणीत ताकद उष्णता होऊन पाण्याबरोबर बाहेर. दोन्ही प्रश्नांना याच्याकडे उत्तर आहे. मग आम्ही हाच का नाही केला? कारण त्याला वेग लागतो. त्याचा टॉर्क वेगाच्या वर्गाप्रमाणे आणि व्यासाच्या पाचव्या घाताप्रमाणे वाढतो. ३००० आरपीएमला जो रोटर पुरतो, तीच ताकद १५०० ला धरायची तर व्यास दीडपट हवा. संथ डिझेलला तो बोजड होतो, वेगवान पेट्रोल इंजिनाला आटोपशीर.

तर आमचा ड्रम तयार झाला. पहिल्या दिवशी काटा इतका थरथरत होता की वाचताच येईना. चार स्ट्रोकचं एक सिलिंडर १५०० आरपीएमला सेकंदाला साडेबारा वेळाच पेटतं, आणि प्रत्येक पेटणं म्हणजे एक धक्का. भाच्यानं स्कूटरचा जुना शॉक अब्सॉर्बर, स्प्रिंग काढून, काट्याच्या बाजूला उभा बांधला. सुई शांत झाली. त्या तीनशे ग्रॅमच्या थरथरीपायी आम्ही अर्धा दिवस बेअरिंगला शिव्या घातल्या होत्या. डिझेलच्या लिव्हरला एक दोरी बांधून ती दारापर्यंत आणली. ब्रेक सुटला तर इंजिन पळेल, तेव्हा त्याच्याजवळ जाऊन ते बंद करायची पाळी येऊ नये.

मग भाटकारासमोर वजनं चढवली. १४ किलो, काट्यावर ३, उरले ११, आणि १४९० आरपीएम. इथे ७१६ च्या दांड्याऐवजी २१० ची त्रिज्या, त्या प्रमाणात हिशेब ४.८ अश्वशक्ती, धूर स्वच्छ. आणखी एक किलो टाकला. काट्यावर ३.१, वेग १४४०, धूर काळा, हिशेब ५ ला टेकला. इंजिन ओढत होतं. भाटकार काही वेळ ड्रममधून निघणाऱ्या वाफेकडे बघत राहिला, मग आम्हा दोघांना जीपमध्ये घालून कुळागरात घेऊन गेला. पाणी ओढायच्या पाइपच्या तळाशी फूटव्हॉल्व्हच्या जाळीत पोफळीचं झावळ कुजून बसलं होतं.

आता भाच्याचा बुलेटवाला मित्र रोज संध्याकाळी येऊन तो दोर चाचपतो. त्याला त्याचं जुनं ३५० सीसीचं इंजिन चढवायचंय. अठराएक अश्वशक्ती, १३ किलोवॅट, पाच हजारांच्या वर आरपीएम. त्या वेगाला आमचा ओतीव ड्रम मी फिरू देणार नाही, तिथे पाण्याचा ब्रेकच हवा, असं त्याला सांगितलं. आत येणारं पाणी तीस अंशांचं आणि बाहेर जाणारं साठाचं ठेवलं तर मिनिटाला सहाएक लिटर लागेल. "एवढंच?" म्हणाला. त्याच्या घरामागे विहीर आहे. एप्रिलमध्ये तिच्यात किती पाणी असतं, असं मी विचारलं, तर म्हणाला, आईला विचारून सांगतो.